पगार कोणाचा, हुकूम कोणाचा : ग्वाल्हेर, १८४३ ते १८५८

ग्वाल्हेरच्या १८५८ बद्दल दोन गोष्टी घरोघरी ठाऊक असतात. राणी लक्ष्मीबाई इथे लढता लढता पडल्या, आणि ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या बाजूने राहिले. दोन्ही खऱ्याच. पण शूर आणि फितूर अशी वाटणी करून थांबलं, की मुख्य प्रश्न बाजूलाच राहतात. शिंद्यांच्या मुलखाच्या पैशावर पोसलेली आठ हजारांची फौज शिंद्यांचा हुकूम का मानत नव्हती? शिंद्यांची स्वतःची फौज भर मैदानात त्यांना सोडून का गेली? किल्ला, तोफा आणि खजिना एका दिवसात ज्यांच्या हाती आला, त्यांच्या हातून तो वीस दिवसांत का निसटला?

याची बरीचशी उत्तरं तहनाम्यांच्या कलमांत आहेत. परकी सत्तेखालचा कोणताही लढा समजून घेताना आधी चार गोष्टी तपासाव्यात: फौजेला पगार कोण देतं, हुकूम कोण देतं, तोफा कोणाच्या ताब्यात आहेत, आणि रस्ते व तारा कोणाच्या हातात आहेत. ग्वाल्हेरच्या बाबतीत यांतल्या पहिल्या तीन गोष्टी १८४३ च्या डिसेंबरात ठरल्या. पुढची पंधरा वर्षं त्याच निर्णयाचे परिणाम आहेत.

तैनाती फौजेचा हिशेब

लॉर्ड वेलस्लीने १७९८ मध्ये हैदराबादपासून तैनाती फौजेची पद्धत सुरू केली. तिचा क्रम साधारण ठरलेला होता. आधी लढाईत हरवायचं किंवा शेजाऱ्याची भीती घालायची. मग तह करून कंपनीची फौज संस्थानाच्या रक्षणासाठी ठेवायची. तिचा खर्च संस्थानाने द्यायचा. रोख रक्कम दरवर्षी वेळेवर निघत नाही, बाकी थकते, म्हणून रोख पैशाऐवजी तेवढ्या वसुलाचा मुलूखच तोडून द्यायचा. दरबारात रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, बसवायचा. इतर संस्थानांशी परस्पर पत्रव्यवहार बंद, आणि कंपनीच्या परवानगीशिवाय दुसऱ्या युरोपियाला नोकरीत ठेवणंही बंद.

वडोदऱ्याचं उदाहरण सगळ्यांत स्वच्छ आहे. गायकवाडांशी १८०२ मध्ये सुरू झालेली बोलणी १८०५ च्या तहात पक्की झाली. ३,००० पायदळ आणि गोऱ्या गोलंदाजांची एक कंपनी, आणि त्यासाठी वर्षाला ११ लाख ७० हजार रुपये वसुलाचे परगणे कंपनीला. होळकरांच्या बाबतीत २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरची लढाई झाली आणि ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह. त्यानंतर इंदूरपासून काही कोसांवर महूची छावणी उभी राहिली.

या पद्धतीचा सगळ्यांत खोल परिणाम सहसा लक्षात येत नाही. बाहेरच्या शत्रूची काळजी कंपनीने घेतल्यावर राजाला आपल्या सरदारांची, शिलेदारांची, रयतेची तितकी गरज उरत नाही. हजारो लढवय्ये बेकार होतात. आणि संस्थानांनी एकमेकांना साधं पत्र लिहिणं हाच तहभंग ठरतो. १८५७ मध्ये ग्वाल्हेर, इंदूर आणि वडोदरा एकत्र का उठले नाहीत, असं लोक हळहळून विचारतात. एकत्र बोलण्याची वाटच चाळीस-पन्नास वर्षं आधी कलम घालून बंद केली होती.

शिंदे मात्र या चौकटीत उशिरा पूर्णपणे बसले. सप्टेंबर १८०३ मध्ये असई आणि नोव्हेंबरात लासवारी हरल्यावर ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. फेब्रुवारी १८०४ मध्ये बुऱ्हाणपूरला तैनाती फौजेचा तहही झाला, पण तो कधी नीट अमलात आला नाही. १८०५ च्या तहाने ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत मिळाला. पुढे जवळजवळ चाळीस वर्षं ग्वाल्हेरकडे स्वतःची मोठी, कवायती आणि उत्तम तोफखान्याची फौज टिकून राहिली. आग्ऱ्यापासून इतक्या जवळ अशी फौज असणं कंपनीला फार दिवस पचणार नव्हतं.

डिसेंबर १८४३

फेब्रुवारी १८४३ मध्ये जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. त्यांच्या अल्पवयीन विधवा ताराबाईंनी आठ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलं. तेच जयाजीराव. कारभार कोणी पाहायचा यावर दरबारात दोन तट पडले. एका बाजूला मामासाहेब, ज्यांना रेसिडेंटचा पाठिंबा होता, आणि दुसऱ्या बाजूला दादा खासगीवाले. मामासाहेबांना काढलं गेलं आणि खासगीवाल्यांची सरशी झाली.

दरबारातली अशी भांडणं नवी नव्हती. पण गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरोची नजर पंजाबवर होती. रणजितसिंग १८३९ मध्ये वारले होते, लाहोरात खून आणि बंडाळ्या चालल्या होत्या, आणि शीख खालसा फौज प्रबळ होती. सतलजेवर युद्ध पेटलं आणि पाठीमागे ग्वाल्हेरची फौज तशीच सज्ज राहिली तर काय, हा त्याचा हिशेब होता. म्हणून त्याने १८०४ चा मेल्यातच जमा असलेला बुऱ्हाणपूरचा तह उकरून काढला. त्यातल्या कलमाप्रमाणे अल्पवयीन महाराजांच्या राज्याला मदत करणं कंपनीचं कर्तव्य आहे, असं सांगून आग्ऱ्याला फौज जमवली. दादा खासगीवाल्यांना इंग्रजांच्या हवाली केल्यावरही फौज थांबली नाही, चंबळ ओलांडून आलीच.

२९ डिसेंबर १८४३ ला एकाच दिवशी दोन लढाया झाल्या. उत्तरेकडे महाराजपूरला जनरल गफ, आणि लष्करहून (ग्वाल्हेरच्या किल्ल्याजवळचं शिंद्यांचं राजधानीचं शहर) शिवपुरीकडे जाणाऱ्या वाटेवर पनिहारला जनरल ग्रे. महाराजपूरला मराठी तोफखाना शेवटपर्यंत तोफांना चिकटून लढला. इंग्रजांचे आठशेच्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले. जिंकलेल्या तोफा वितळवून त्या धातूची पदकं त्यांनी आपल्या सैनिकांना वाटली. या दिवसाची आठवण ग्वाल्हेरात फार कमी निघते. आमच्या मते १८५८ चा शेवट निम्म्याहून अधिक इथेच लिहिला गेला.

दोन आठवड्यांनी, १३ जानेवारी १८४४ ला, तह झाला. त्यातले आकडे शांतपणे वाचण्यासारखे आहेत. शिंद्यांची फौज एकूण ९,००० माणसांहून जास्त नको, त्यात पायदळ ३,००० पेक्षा जास्त नको. मैदानी तोफा फक्त १२ आणि त्यांच्यावर २०० गोलंदाज, शिवाय इतर २० तोफा. कर्ज आणि युद्धखर्चापोटी २६ लाख रुपये, तेही चौदा दिवसांत. महाराज १९ जानेवारी १८५३ ला अठरा वर्षांचे होईपर्यंत पंचांनी कारभार पाहायचा आणि रेसिडेंटच्या सल्ल्याने चालायचं. आणि १८ लाख रुपये वसुलाचा मुलूख एका नव्या फौजेसाठी बाजूला काढायचा: ग्वाल्हेर कंटिंजंट.

शिपाई हिंदी, अधिकारी गोरे, हुकूम ब्रिटिश पोलिटिकल एजंटचा, पैसा शिंद्यांच्या मुलखाचा. १८५७ पर्यंत या कंटिंजंटमध्ये पायदळाच्या सात पलटणी, घोडदळाचे दोन रिसाले, चार तोफखाने आणि वेढ्याच्या काही तोफा मिळून सुमारे ८,३०० माणसं होती. १८ लाख भागिले ८,३०० केलं, तर माणसामागे वर्षाला दोनशे रुपयांच्या वर येतात. त्या काळी बंगाल फौजेतल्या साध्या शिपायाला महिना ७ रुपये, म्हणजे वर्षाला ८४ रुपये मिळत. उरलेला पैसा घोडे, दारूगोळा, बैल आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पगारांवर जाई. छावणी लष्करपासून थोड्याच अंतरावर, मुरारला. बाकीच्या पलटणी आगर, शिप्री (आजचं शिवपुरी), नीमच अशा ठाण्यांवर विखुरलेल्या.

या रचनेत एक भेग होती. कंटिंजंटमध्ये ग्वाल्हेरचे लोक थोडे. भरती बहुतेक अवध आणि दोआबातून, म्हणजे बंगाल फौजेची भरती जिथून व्हायची त्याच गावांतून, त्याच घरांतून. एक भाऊ मेरठला, दुसरा मुरारला. शिंद्यांवर अंकुश ठेवायला ही माणसं बरोबर होती, कारण त्यांचं शिंद्यांशी नातं नव्हतं. पण फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनीने अवध खालसा केलं, तेव्हा झळ थेट या शिपायांच्या घरांना लागली. त्याच वर्षी नव्या भरतीच्या शिपायांना समुद्रापार जाण्याची अट घातली गेली. काडतुसांच्या चरबीने आग लागली हे खरं, पण सरपण असं आधीच रचलेलं होतं.

चार महिने रोखून धरलेली फौज

१० मे १८५७ ला मेरठ उठलं. जयाजीराव तेव्हा बावीस वर्षांचे, दिवाण दिनकरराव राजवाडे. दोघांनीही इंग्रजांच्या बाजूने राहायचं ठरवलं आणि आग्ऱ्याला मदतही पाठवली. १४ जूनच्या रात्री मुरारची छावणी उठली. काही इंग्रज अधिकारी मारले गेले, उरलेल्यांना आणि बायकामुलांना आग्ऱ्याकडे वाट मिळाली. पोलिटिकल एजंट मॅकफर्सनही आग्ऱ्याला गेला.

आता बाजू उलटी झाली. मुरारला हजारो शिपाई, तोफा, दारूगोळा, आणि डोक्यावर एकही अधिकारी नाही. आग्रा जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर. दिल्ली अजून बादशहाच्या नावाने लढत होती आणि २० सप्टेंबरपर्यंत लढली. या फौजेने जून-जुलैत आग्ऱ्यावर किंवा दिल्लीवर चाल केली असती तर इंग्रजांची फार मोठी कोंडी झाली असती.

ती झाली नाही, आणि ते थोपवण्याचं काम दिनकररावांनी केलं. शिपायांनी जयाजीरावांना पुढारीपण घ्यायला सांगितलं. दरबारातून नकार आला नाही, होकारही आला नाही. पगार मात्र चालू ठेवला, वर आश्वासनं दिली. चाल करायची तर गाड्या, बैल, उंट हवेत. ते मिळू दिले नाहीत. पावसाळ्यात चंबळेच्या खोऱ्यातून वेढ्याच्या तोफा ओढणं वाहनांशिवाय अशक्य. इतिहासात हा प्रसंग एका ओळीत उरकला जातो. लढायांच्या निकालात मात्र पुरवठ्याचा वाटा नेहमीच मोठा असतो, आणि इथे तर लढाईशिवायच निकाल लागला.

त्याच सुमारास इंदुरात वेगळं चित्र होतं. १ जुलै १८५७ ला सआदत खान आणि त्याच्याबरोबरच्या होळकरी शिपायांनी रेसिडेन्सीवर तोफा डागल्या. तिथे रक्षणासाठी ठेवलेल्या इतर संस्थानांच्या कंटिंजंटच्या तुकड्या लढायला तयार झाल्या नाहीत, आणि रेसिडेंटचं काम पाहणारा कर्नल ड्युरंड सिहोरकडे निघून गेला. रात्री महूची छावणीही उठली. तुकोजीराव होळकरही बावीस वर्षांचेच. त्यांनी आश्रयाला आलेल्यांना बंडवाल्यांच्या हवाली करायला नकार दिला, पण ड्युरंडच्या मनातला संशय कधी गेला नाही. सआदत खान पुढे पकडला गेला आणि १८७४ मध्ये फाशी गेला. महू आणि इंदूरचे शिपाई ग्वाल्हेरला येऊन थडकले, कंटिंजंटला बरोबर चला म्हणू लागले. कंटिंजंट हललं नाही. ते एकटेच पुढे गेले आणि १० ऑक्टोबरला आग्ऱ्याबाहेर हरले. तोवर दिल्ली पडून तीन आठवडे होत आले होते.

कंटिंजंटला शेवटी बाहेर काढलं ते तात्या टोपे यांनी. ऑक्टोबरात ती फौज ग्वाल्हेरहून निघाली, काल्पीला यमुना ओलांडली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस कानपुरावर तुटून पडली. जनरल विंडहॅमला तिने गंगेकाठच्या मोर्च्यांपर्यंत मागे रेटलं आणि शहर घेतलं. कवायती तोफखान्याची फौज नीट चालवली तर काय करू शकते, हे त्या तीन दिवसांत दिसलं. पण गंगेवरचा होड्यांचा पूल शाबूत राहिला. लखनौहून परतणारा कॉलिन कँबेल त्याच पुलावरून आला, आणि ६ डिसेंबरला त्याने ही फौज फोडली. बऱ्याचशा तोफा तिथे गेल्या. पुन्हा कमी पडलं ते वरचं नियोजन. पलटणीचे सुभेदार आपली पलटण उत्तम लढवत होते, पण सात पलटणी, तोफखाना आणि पूल यांचा एकत्र विचार करायला जी वरची अधिकारी फळी लागते, तिच्यात कंपनीने हिंदी माणूस कधी घेतलाच नव्हता. वसाहतीतल्या फौजेची ही ठरवून ठेवलेली उणीव होती.

जून १८५८

पुढच्या वर्षी सर ह्यू रोज मध्य हिंदुस्थानातून वर सरकला. २१ मार्चपासून झाशीला वेढा. तात्या मोठी फौज घेऊन सोडवायला आले. रोजने वेढा न उठवता सुमारे दीड हजार माणसांनिशी १ एप्रिलला बेतवाकाठी त्यांना हरवलं. ३ एप्रिलला झाशीत शिरकाव, मग लक्ष्मीबाई रातोरात बाहेर. ७ मे ला कोंच आणि २३ मे ला काल्पी. लक्ष्मीबाई, तात्या आणि नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब यांच्याकडे आता ना किल्ला उरला, ना दारूगोळ्याचं कोठार.

अशा वेळी ग्वाल्हेरकडे वळणं हा त्या संपूर्ण युद्धातला सगळ्यांत धाडसी डाव होता. कारणं उघड होती. हिंदुस्थानातला एक बळकट किल्ला, भरलेला खजिना, तोफा, आणि शिंद्यांची फौज. कोंचनंतर तात्यांनी ग्वाल्हेरात जाऊन पलटणींशी संधान बांधलं होतं. शिवाय आग्ऱ्याहून मुंबईला जाणारा रस्ता आणि तार ग्वाल्हेरवरून, इंदुरावरून जात होती. ती तुटली की इंग्रजांचे दोन भाग वेगळे. रोजला सर्वांत जास्त भीती वाटत होती ती वेगळीच: तात्यांनी ग्वाल्हेर सांभाळायला थोडी फौज ठेवावी आणि बाकीच्यांसह दख्खनेत उतरून पेशव्यांचा झेंडा उभारावा.

दिनकररावांचा सल्ला होता की ह्यू रोज येईपर्यंत वेळ काढावा. तो मानला गेला नाही. १ जूनला जयाजीराव सुमारे आठ हजार फौज आणि आठ तोफा घेऊन मुरारच्या पूर्वेला बहादुरपूरजवळ गेले. खासगी पथक सोडलं तर बहुतेक फौज समोरच्यांना जाऊन मिळाली. जयाजीराव धोलपूरमार्गे आग्ऱ्याला गेले.

ही फौज का फिरली? राजाने फौजेला पगार दिला, पण तिचा उपयोग काय हे पंधरा वर्षं बाहेरचं कोणी ठरवत होतं. मुरारला कंटिंजंट असताना शिंद्यांची फौज शोभेपुरती उरली होती. समोर पेशव्यांचं नाव होतं, झाशीची राणी होती, आणि ज्या शिपायांशी रोज उठबस होती तेच होते. पेशव्यांशी शिंद्यांचं नातं धनी आणि सरदाराचं. कागदावर ते १८१८ मध्ये संपलं, पण लष्करच्या गल्ल्यांत ते संपायला एवढी वर्षं पुरेशी नव्हती. रावसाहेबांनी दौलतरावांच्या विधवा बायजाबाईंनाही आपल्याकडे ओढायचा प्रयत्न केला, तो याच जुन्या नात्याच्या भरवशावर.

३ जूनला फूलबागेत दरबार भरला, नानासाहेब पेशवे झाल्याचं जाहीर झालं, पदं वाटली, फौजेला पगार आणि बक्षिसी दिली. या दरबाराची पुष्कळ टिंगल झाली आहे, आणि ती आम्हाला अन्यायाची वाटते. ज्या राज्याची मान्यता चाळीस वर्षांपूर्वी पुसली गेली त्याच्या नावाने फौज उभी करायची, तर आधी राज्य आहे हे दाखवावं लागतं. शिंद्यांच्या शिपायांना ते कोणाचे नोकर, हे कळायला हवं होतं. दरबार भरवणं चुकीचं नव्हतं. त्याच्या जोडीने जे व्हायला हवं होतं ते झालं नाही, ही चूक.

मुरारच्या बाजूला मोर्चे बांधायला हवे होते. दक्षिणेकडून, शिप्रीकडून येणाऱ्या वाटेवरच्या डोंगररांगा अडवायला हव्या होत्या. किल्ल्यावरच्या तोफांचा मैदानातल्या फौजेशी मेळ घालायला हवा होता. नाही तर दुसरी वाट, पाऊस सुरू व्हायच्या आत अर्धी फौज दक्षिणेकडे काढायची. यातलं कोणतंच पुरेसं झालं नाही. ह्यू रोज विश्रांती घेईल, निदान पावसाळा संपेपर्यंत थांबेल, असा अंदाज होता. तो ६ जूनला काल्पीहून निघाला. उन्हाच्या तडाख्यात त्याची माणसं उष्माघाताने पडत होती, म्हणून तो रात्री कूच करी. १६ जूनला मुरार त्याच्या हाती गेलं.

दुसऱ्या बाजूने, शिप्रीहून, ब्रिगेडियर स्मिथ आला. १७ जूनला लष्करच्या आग्नेयेला कोटा की सरायजवळ गाठ पडली. तिथल्या घोडदळाच्या झटापटीत लक्ष्मीबाई पडल्या. आपल्याकडे पुण्यतिथी १८ जूनला पाळतात. फूलबागेजवळ त्यांची समाधी आहे. १९ जूनला लष्कर गेलं, २० ला किल्ला, आणि त्याच दिवशी जयाजीराव परतले.

लक्ष्मीबाईंना घोड्यावरची शूर स्त्री म्हणूनच पाहिलं, की त्यांचं खरं मोठेपण निसटतं. झाशीच्या तटाची डागडुजी, तोफा ओतणं, दाणागोटा साठवणं, वेढ्यात बायकांनाही कामाला लावणं ही त्यांची कामं पाहिली, तर त्या काळच्या थोड्या नेत्यांना युद्धाची तयारी म्हणजे काय हे कळत होतं आणि त्यांत त्या पहिल्या रांगेत होत्या, हे ध्यानात येतं. त्यांचं राज्यही तलवारीने गेलं नव्हतं. गंगाधरराव नोव्हेंबर १८५३ मध्ये वारले, दत्तक नामंजूर झाला, आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. सगळं कागदावर.

वडोदऱ्याच्या वाटेवर

ग्वाल्हेर गेल्यावर तात्या टोपे दहा महिने लढत राहिले. राजपुताना, माळवा, बुंदेलखंड. ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस त्यांनी नर्मदा ओलांडली. रोजची भीती खरी ठरली, पण पाच महिने उशिरा आणि तोफांशिवाय. दख्खनेत उठाव झाला नाही. मग ते पश्चिमेला वळले, खरगोनच्या बाजूने वडोदऱ्याकडे निघाले. तिथे मराठी राजा होता, मराठी फौज होती, पैसा होता. १ डिसेंबरला छोटा उदेपूरला ब्रिगेडियर पार्कने त्यांना गाठलं आणि ती वाट बंद झाली. खंडेराव गायकवाड इंग्रजांच्या बाजूने ठाम होते. गुजरातच्या घोडदळासाठी दरसाल द्यावे लागणारे ३ लाख रुपये त्यांना बक्षीस म्हणून माफ झाले.

तात्यांना नरवरच्या मानसिंगाने एप्रिल १८५९ मध्ये पकडून दिलं आणि १८ एप्रिलला शिप्रीला फाशी झाली. मानसिंग स्वतः शिंद्यांशी जहागिरीच्या भांडणातून बंडात उतरलेला. त्याला इंग्रजांनी अभय दिलं, तिथेच तात्यांचा शेवट ठरला. मोठा लढा अशा लहान भांडणांवर उभा असतो, आणि ती भांडणं एकेक करून मिटवली की लढा सुटा होत जातो. इंग्रजांच्या एजंटांना ही कला अवगत होती.

नंतरचे आकडे

१ नोव्हेंबर १८५८ ला राणीचा जाहीरनामा निघाला, कंपनी गेली, खालसा करण्याचं धोरण सोडलं. संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. डिसेंबर १८६० च्या तहाने शिंद्यांना ३ लाख वसुलाचा मुलूख मिळाला, पायदळ ३,००० वरून ५,००० करायची परवानगी मिळाली, तोफा ३२ वरून ३६. एका राज्याने दुसऱ्याची सत्ता वाचवली आणि मोबदल्यात चार तोफा मिळाल्या. ग्वाल्हेरचा किल्ला तर इंग्रजांनी स्वतःकडेच ठेवला. तो १८८६ मध्ये परत मिळाला, तेव्हा बदल्यात, मधल्या काळात शिंद्यांकडे आलेली झाशी द्यावी लागली.

फौजेची घडीही बदलली. १८५७ पूर्वी सुमारे २ लाख ३० हजार हिंदी शिपायांमागे ४५ हजारांच्या आसपास गोरे होते. नंतर बंगाल फौजेत दोन हिंदींमागे एक गोरा, मद्रास आणि मुंबई फौजांत तीनामागे एक, असं प्रमाण ठरलं. तोफखाना जवळजवळ पूर्णपणे गोऱ्यांच्या हाती गेला. भरती अवधकडून पंजाब आणि नेपाळकडे वळली. कानपुरात कंटिंजंटच्या तोफांनी जे करून दाखवलं, त्याची ही पावती म्हणायला हवी.

पुढचा लढा म्हणूनच वेगळ्या वाटेने गेला. शस्त्रं आणि फौज हाती नसल्याने सभा, वर्तमानपत्र, बहिष्कार, कायदेभंग ही साधनं पुढे आली. फौजेचा प्रश्न मात्र मिटला नव्हता, फक्त लांबला होता. पहिल्या महायुद्धात सुमारे १३ लाख हिंदी माणसं गेली, दुसऱ्यात फौज २५ लाखांवर पोचली. एवढी फौज उभारायची तर हिंदी अधिकारी घ्यावेच लागले. नोव्हेंबर १८५७ मध्ये जी फळी नव्हती, ती इंग्रजांनीच आपल्या गरजेपोटी तयार केली. सिंगापूरला आझाद हिंद फौजेतल्या बायकांच्या पलटणीला झाशीच्या राणीचं नाव मिळालं. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात आझाद हिंद फौजेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला, १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत नाविकांचा उठाव झाला, आणि महिन्याच्या अखेरीस जबलपूरच्या सिग्नल दलातले जवान बाहेर पडले. आता हुकूम चालेलच याची खात्री इंग्रजांना स्वतःच्या फौजेबद्दल देता येत नव्हती.

ऑगस्ट १९४७ मध्ये संस्थानिकांपुढे सामीलनामा आला. त्यात तीन विषय होते: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण. वेलस्लीच्या पद्धतीच्या तहांनी शिंदे, होळकर आणि गायकवाडांकडून मुख्यतः हेच काढून घेतलं होतं. आता तेच विषय दिल्लीतल्या हिंदी सरकारकडे गेले. २८ मे १९४८ ला ग्वाल्हेरात मध्यभारत राज्याचं उद्घाटन झालं, जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. तनखा शिंद्यांना वर्षाला २५ लाख आणि होळकरांना १५ लाख ठरला, आणि दोन्ही संस्थानांची लष्करं पुढे हिंदी लष्करात मिसळली.